कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणजे नेमकं काय राखणारा?

उत्तरायण (धागाकर्ता)

मराठीत कॉन्झर्व्हेटिझमला आपण ‘पुराणमतवाद’ म्हणतो आणि चर्चा सुरू व्हायच्या आतच निकाल देऊन मोकळे होतो. पुराणमत म्हटलं की जळमटं धरलेली बंद खोली डोळ्यांपुढे येते. ब्रिटनच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला आपली वर्तमानपत्रं ‘हुजूर पक्ष’ म्हणत आली. त्यात तर कमरेत वाकलेला दरबारीच दिसतो. मूळ शब्दाचा अर्थ साधा आहे: राखणं, जपणं. काय राखायचं आणि कशापासून, हा खरा प्रश्न, आणि ‘पुराण’ या शब्दाखाली तोच झाकला जातो.

आधीच सांगतो, मी या विचाराचा नाही. कळायला लागल्यापासून सुधारणेच्या बाजूने उभा आहे आणि अजूनही तिथेच आहे. पण गेली दोन-तीन वर्षं या मंडळींना त्यांच्याच शब्दांत वाचतो आहे आणि माझे बरेच गैरसमज गळून पडले. त्यांचं सगळ्यात दमदार म्हणणं जुन्या काळाबद्दल नाहीच, ते माणसाच्या बुद्धीच्या कुवतीबद्दल आहे. ते इथे मांडून बघतो. चालू निवडणुका आणि आजचे पक्ष कृपया बाजूला ठेवू या.

सुरुवात बर्कपासून करावी लागते. एडमंड बर्क, जन्म १७२९, डब्लिनचा. ब्रिटिश संसदेत तो व्हिग पक्षाचा, म्हणजे राजाच्या मनमानीला विरोध करणाऱ्या बाजूचा. अमेरिकी वसाहतींना बळाने दाबू नका, समेट करा, असं त्याने १७७५ साली संसदेत तळमळून सांगितलं. भारतात ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर-जनरल राहिलेल्या वॉरन हेस्टिंग्जवरच्या महाभियोगात तो सर्वांत पुढे होता. असा माणूस फ्रेंच राज्यक्रांतीचं स्वागत करील अशीच अनेकांची अपेक्षा होती. त्याने १७९० च्या नोव्हेंबरात तिच्याविरुद्ध अख्खा ग्रंथ लिहिला. जुने मित्र तुटले. व्हिग पुढारी चार्ल्स फॉक्सशी असलेली मैत्री तर १७९१ मध्ये भर सभागृहात संपली.

ग्रंथाची तारीख लक्षात घ्या. तेव्हा सोळावा लुई गादीवर होता, गिलोटिन अजून उभं राहायचं होतं. राजाचा शिरच्छेद झाला जानेवारी १७९३ मध्ये. तरी बर्क लिहितो की घडी अशीच विसकटत गेली तर सैन्य कोणाला जुमानणार नाही, आणि मग सैनिकांची मनं जिंकणारा एखादा लोकप्रिय सेनापती सगळ्यांचा धनी होऊन बसेल. नऊ वर्षांनी नेपोलियनने सत्ता घेतली. एक भाकीत खरं ठरलं म्हणून विचार सिद्ध होत नाही, हे मान्य. पण त्याला हे दिसलं कशामुळे?

माझ्या समजुतीप्रमाणे त्याचं उत्तर असं. एका माणसाच्या गाठीला असलेली अक्कल थोडी असते. एका पिढीची मिळूनही थोडीच. पण शतकानुशतकं चुकत, सुधारत ज्या संस्था, कायदे आणि अलिखित संकेत तयार होतात त्यांत पुष्कळ पिढ्यांची अक्कल साठलेली असते. बर्क तिला राष्ट्रांच्या आणि युगांच्या सामाईक भांडवलाची उपमा देतो. या साठ्याची गंमत अशी की त्यामागची सगळी कारणं कोणालाच तोंडपाठ नसतात. एखाद्या गोष्टीचं समर्थन मला करता आलं नाही म्हणजे ती निरर्थक ठरत नाही. ती काय काम करते हे मला ठाऊक नसेल. पुष्कळदा ते मोडल्यावरच कळतं.

इंग्रज लेखक चेस्टरटनने १९२९ साली याला कुंपणाचा दाखला दिला. रस्त्यात आडवं कुंपण आहे. एक जण म्हणतो, याचा काही उपयोग दिसत नाही, काढून टाकू. दुसरा म्हणतो, उपयोग दिसत नाही म्हणूनच तुला काढू देणार नाही; ते का घातलं होतं ते शोधून ये, मग बोलू. लोक इथेच थांबतात. पण दाखल्यात पुढचंही आहे: कारण सापडल्यावर कुंपण काढायला परवानगी मिळू शकते. म्हणजे बदलाला बंदी नाही. पुराव्याचं ओझं कोणाच्या खांद्यावर, एवढंच ठरवलं आहे.

बदलाबद्दल बर्क स्वतः इतका स्पष्ट आहे की त्याला स्थितिवादी म्हणणाऱ्यांनी त्याला उघडून तरी पाहावं. ज्या राज्यापाशी बदलाचं साधन नाही त्याच्यापाशी टिकून राहण्याचंही साधन नाही, हे त्याचंच म्हणणं. पुढे १८३४ साली ब्रिटनचा पंतप्रधान रॉबर्ट पील याने टॅमवर्थच्या आपल्या मतदारांना जाहीरनामा लिहिला. १८३२ चा मताधिकाराचा कायदा त्याने विरोध करूनही आता मान्य केला, आणि जिथे अन्याय सिद्ध होईल तिथे दुरुस्ती करू असं वचन दिलं. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा पाया इथे धरला जातो.

आणखी दोन गोष्टी मला मोलाच्या वाटतात. एक, समाज हा व्यापारातला करार नव्हे, की नफा-तोटा बघून हवा तेव्हा मोडला. तो गेलेल्यांची, असलेल्यांची आणि जन्माला यायच्या असलेल्यांची भागीदारी आहे. म्हणजे आत्ताची पिढी मालक नाही, विश्वस्त आहे. दुसरी गोष्ट माणूस आणि राज्यसंस्था यांच्या मधल्या थराची. कुटुंब, शेजार, व्यावसायिकांचे संघ, धर्मसंस्था, स्थानिक मंडळं. बर्क म्हणतो की माणसाचं प्रेम आधी या लहान तुकडीवर जडतं आणि तिथून देशाकडे, मानवजातीकडे पसरत जातं. फ्रान्समध्ये १७९१ च्या ल शापेलिए कायद्याने कारागिरांचे आणि कामगारांचे सगळे संघ एका फटक्यात बंद केले. नागरिक आणि राष्ट्र, मध्ये कोणी नको. मधला थर गेला की एकटा माणूस थेट सत्तेसमोर उघडा पडतो, ही भीती मला आजही खरी वाटते.

न आवडणारा भागही मांडायला हवा. बर्कला समाजात उच्चनीच स्वाभाविक वाटते. मोठ्या जमिनीवाल्यांची सत्ता त्याला घराच्या तुळईसारखी वाटते. सामान्यांच्या मताधिकारावर त्याचा विश्वास नाही. हे त्या विचाराचं काळाने चिकटवलेलं कवच आहे की तो गाभाच आहे? माझं उत्तर अजून ठरत नाही, म्हणून धागा.

~

शाईचा डाग

चांगला धागा. एक फरक आधीच करून ठेवू, नाहीतर पुढे गोंधळ होईल.

ओळखीच्या गोष्टींना चिकटून राहणं हा माणसाचा स्वभाव आहे, तो कुठल्याही काळात सापडेल. कॉन्झर्व्हेटिझम त्याहून वेगळा आणि तरुण आहे. समाजशास्त्रज्ञ कार्ल मानहाइमने १९२७ मध्ये हे नेमकं सांगितलं: पहिला आपोआप वागण्याचा प्रकार, दुसरा जाणीवपूर्वक रचलेला विचार, आणि तो रचावा लागला कारण समोरून आव्हान आलं. जे सहज होतं त्याला आता युक्तिवाद शोधावा लागला. क्रांती नसती तर बर्कला तो ग्रंथ लिहावा लागला नसता. राजकारणातला हा शब्दसुद्धा क्रांतीनंतरचा. फ्रेंच लेखक शातोब्रियाँने १८१८ साली याच नावाचं नियतकालिक काढलं, ब्रिटनमध्ये पक्षाला तो शब्द १८३० च्या आसपास चिकटला.

दुसरं, बर्क आणि क्रांतीचा कट्टर विरोधक जोसेफ द मेस्त्र यांना एकाच दोरीत बांधू नका. मेस्त्रचं ते वाक्य प्रसिद्ध आहे: मी फ्रेंच पाहिले, इटालियन पाहिले, रशियन पाहिले, पण ‘माणूस’ नावाचा कोणी मला आयुष्यात भेटला नाही. अमूर्त हक्कांवरची ही टीका बर्कलाही पटली असती. पण मेस्त्रला क्रांती ही दैवी शिक्षा वाटते आणि राजा व धर्मपीठ यांची सत्ता निरपवाद हवी असते. बर्कला सत्तेच्या वाटण्या, एकमेकींना आवर घालणाऱ्या संस्था हव्यात. एकाला जे गेलं ते परत आणायचं आहे, दुसऱ्याला जे आहे ते मोडू द्यायचं नाही. गेलेलं परत आणणाऱ्यालाही समाज पुन्हा आराखड्यावरून बांधावाच लागतो. माझ्या लेखी तोही क्रांतिकारकच, फक्त तोंड उलट्या दिशेला.

~

बिनशर्त

मी सरळ विरोधात बोलणार आहे. धागाकर्त्यांचा प्रामाणिकपणा पटला म्हणूनच.

कुंपणाचा दाखला ऐकायला सुंदर आहे. पण त्यात कुंपणाजवळ दोनच माणसं उभी आहेत आणि दोघंही फावल्या वेळात चर्चा करताहेत. कुंपणाच्या पलीकडे अडकलेला तिसरा माणूस कुठे आहे? ते का घातलं हे त्याला चांगलं ठाऊक आहे. त्यालाच आत कोंडायला घातलं होतं. ‘आधी कारण शोधून ये’ हे त्याला सांगणं क्रूरपणा आहे.

ब्रिटिश साम्राज्यातली गुलामी घ्या. गुलामांचा व्यापार बंद झाला १८०७ ला. गुलामी रद्द करण्याचा कायदा १८३३ चा. त्यानंतरही बहुतेकांना ‘शिकाऊ उमेदवार’ म्हणून जुन्याच मालकाकडे बिनपगारी राबावं लागलं, ते १८३८ पर्यंत. भरपाई म्हणून दोन कोटी पौंड दिले गेले आणि ते मालकांना. राबलेल्यांना एक दमडी नाही. याला इतिहासात ‘सावकाश, शहाणपणाने झालेली सुधारणा’ म्हणतात. १८०७ साली वीस वर्षांची असलेली बाई १८३८ ला एक्कावन्न वर्षांची झाली. तिचं आयुष्य कोणाच्या शहाणपणात जमा धरायचं?

आणि हा आक्षेप आज मागे वळून घेतलेला नाही. बर्कचा ग्रंथ आल्यावर महिन्याच्या आत इंग्रज लेखिका मेरी वोलस्टनक्राफ्टने उत्तर छापलं. तुमचा युक्तिवाद धरला तर गुलामांचा व्यापार कधीच बंद करता येणार नाही, कारण तोही पूर्वजांकडूनच आलेला आहे, असं तिने तेव्हाच विचारलं. क्रांतीचा समर्थक टॉमस पेनने १७९१ मध्ये लिहिलं की बर्कला पिसाऱ्याची दया येते, मरणाऱ्या पक्ष्याचा विसर पडतो. फ्रान्सच्या राणीच्या अपमानावर बर्कने पानं भरली आहेत. उपाशी शेतकऱ्यावर किती?

उच्चनीच हे कवच की गाभा, असं विचारलंत. माझं उत्तर: गाभा. बाकीचं सगळं त्याला शोभावं म्हणून शिवलेलं वस्त्र.

~

पाऊलवाट

बिनशर्त, तुमचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ गप्प बसलो. तरी माझा अनुभव सांगतो, कारण मी याच वाटेने बर्कपर्यंत आलो.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. एका कंपनीत हिशेबाची जुनी प्रणाली आमच्या ताब्यात आली. वीसेक वर्षं ठिगळं लावत वाढलेली, लिहिणारे केव्हाच सोडून गेलेले. आम्ही तरुण होतो, सगळं पुसून नव्याने लिहायचं ठरवलं. कागदावर आमची रचना खरोखर सुंदर होती. जुन्या कोडमध्ये एक अट होती, ठरावीक तारखांना एक गणित दोनदा करून ताळा बघणारी. कोणालाच तिचं कारण सांगता येईना. मी ती काढली. आठ महिने काही झालं नाही. वर्षअखेरीला शेकडो लोकांचे पैसे चुकीच्या खात्यांत गेले आणि ते निस्तरायला तीन आठवडे लागले. त्या पैशांवर ज्यांचा महिना अवलंबून होता त्यांचे फोन मी घेतले आहेत.

तेव्हापासून मला ‘याचा उपयोग दिसत नाही’ हे वाक्य उच्चारताना भीती वाटते. दिसत नाही, तो मला दिसत नाही. समाज तर कोडपेक्षा कितीतरी गुंतागुंतीचा, आणि तिथे जुनी प्रत परत चढवता येत नाही.

~

गणिती

फ्रान्सचाच एक दाखला देतो, तो दोन्ही बाजूंना अडचणीचा आहे.

क्रांतिकारकांनी सगळंच दशमान करायला घेतलं. १७९३ मध्ये नवं कॅलेंडर आलं: दहा दिवसांचा आठवडा, नऊ दिवस काम आणि एक सुट्टी. दिवसाचे तास दहा, तासाची शंभर मिनिटं. घड्याळाचा हा प्रयोग १७९५ मध्येच थांबवला गेला, कॅलेंडर रखडत रखडत १८०५ अखेर संपलं. बर्कचा अनुयायी म्हणेल, बघा. सात दिवसांच्या आठवड्यात विश्रांती, प्रार्थना, बाजार, सगळ्यांची लय बसलेली होती. ती आराखड्याने बदलत नाही.

पण त्याच लोकांनी, त्याच हिशेबी वृत्तीने, १७९५ मध्ये मीटर आणि ग्रॅम दिले. तीही वरून लादलेली, कोणाच्याही परंपरेत न बसणारी मापं. लोकांनी इतका विरोध केला की नेपोलियनला १८१२ मध्ये जुन्या नावांची मापं परत चालू द्यावी लागली. १८४० पासून मेट्रिक पुन्हा सक्तीची झाली आणि आज जवळपास सगळं जग त्यात मोजतं.

एकच काळ, एकच डोकी, एकच पद्धत. एक फसलं, एक जिंकलं. ‘अनुभवाने आलेलं ते टिकतं, आराखड्याचं ते पडतं’ हा नियम म्हणून उभा राहत नाही. मला वाटतं फरक असा की जुन्या मापांत अक्कल कमी आणि लूट जास्त साठली होती. गावागणिक वेगळं माप म्हणजे धान्य मोजून घेणाऱ्या जमीनदाराच्या हातात हत्यार. देशभर एकच माप असावं ही १७८९ साली राजापुढे मांडायला गावोगाव लिहिलेल्या तक्रारवह्यांत खुद्द लोकांचीच मागणी होती. दहा दिवसांचा आठवडा मात्र कोणीच मागितला नव्हता, आणि त्यात कष्टकऱ्याच्या सुट्ट्या कमी होत होत्या.

~

चाफा

गणिती, तुमच्या शेवटच्या तीन वाक्यांत या धाग्याची किल्ली आहे असं वाटतंय. त्यावर परत येते.

आधी इंग्रज विचारवंत मायकेल ओकशॉट. त्याच्याशिवाय विसाव्या शतकातला हा विचार कळत नाही, आणि तो बर्कहून फार वेगळ्या स्वराचा आहे. देव नाही, पूर्वजांचं गौरवगान नाही. १९५६ च्या एका निबंधात तो म्हणतो की ही विचारसरणी कमी आणि वृत्ती जास्त आहे: अनोळखीपेक्षा ओळखीचं, न अनुभवलेल्यापेक्षा अनुभवलेलं, शक्य असेल त्यापेक्षा समोर आहे ते, स्वप्नातल्या परमसुखापेक्षा आत्ताचं हसू पसंत करणं. का? ते सर्वोत्तम आहे म्हणून नाही, त्याच्यावर जीव जडलाय म्हणून. मैत्रीसारखं. मित्राहून गुणी माणूस भेटला म्हणून आपण मित्र बदलत नाही.

मला हे फार जवळचं वाटतं. डाव्या बाजूच्या जी. ए. कोहेननेही अखेरच्या काळात हीच गोष्ट आपली म्हणून मांडली: असलेल्या मोलाच्या वस्तूला तिच्या मोलाबरोबरच ती ‘आहे’ म्हणूनही काही मान असतो, तिच्या बदल्यात थोडी अधिक मोलाची आणून ठेवली तर नुकसान भरून निघत नाही. आयुष्यभर समाजवादी असलेल्या माणसाने हे लिहावं, याचा अर्थ ही भावना कोणा एका वर्गाची मालमत्ता नाही.

पण ज्या ‘लहान तुकडी’बद्दल धाग्यात एवढं प्रेमाने लिहिलंय ती राखण्याचं काम शतकानुशतकं कोणी केलं? बायकांनी. आणि त्यांना त्या तुकडीतून बाहेर पडायचं दार नव्हतं. मधला थर माणसाला राज्यसत्तेपासून वाचवतो, कबूल. त्या थरापासून माणसाला कोण वाचवणार? विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवण्याचा हक्क इंग्लंडमध्ये १८८२ ला मिळाला, आणि तो संसदेच्या कायद्याने मिळाला, कुटुंबाच्या शहाणपणाने नाही. मित्र बदलावासा वाटत नाही हे खरं, पण मैत्रीत जायला-यायला दार असतं म्हणून ती मैत्री.

~

कोरा कागद

वाचतोय, शिकतोय. एक बाळबोध शंका. हे सगळं ऐकून कॉन्झर्व्हेटिव्ह माणूस बाजारपेठेच्या विरोधात असायला हवा. प्रत्यक्षात तर तेच लोक खुल्या बाजाराचे सगळ्यात मोठे समर्थक दिसतात. हे कसं जुळतं?

~

शाईचा डाग

शंका बाळबोध अजिबात नाही, या विचाराच्या पोटातलं सगळ्यात जुनं भांडण आहे हे.

पीलने १८४६ मध्ये आयात धान्यावरचे कर काढले आणि त्यावरून त्याचा पक्ष दुभंगला. त्याच्यावर तुटून पडलेल्यांत त्याच्याच पक्षातला, पुढे पंतप्रधान झालेला डिझरायली होता. आदल्याच वर्षी त्याने कादंबरीतून सांगितलं होतं की इंग्लंडमध्ये गरीब आणि श्रीमंत अशी दोन राष्ट्रं तयार झाली आहेत. त्याच्याच सरकारने १८७५ मध्ये सार्वजनिक आरोग्याचा आणि कामगारांच्या घरांचा कायदा केला. जर्मनीत बिस्मार्कने १८८३ ला आजारपणाचा विमा, १८८४ ला अपघाताचा, १८८९ ला वृद्धापकाळाचा आणला. हेतू समाजवाद्यांच्या पायाखालची जमीन काढून घेण्याचा होता हे खरं. तरी बाजार माणसाला उखडून टाकतो आणि सत्तेने त्याला आधार दिला पाहिजे, ही समज या परंपरेत मुळापासून आहे.

दुसऱ्या बाजूला खुल्या बाजाराचा पुरस्कर्ता अर्थशास्त्रज्ञ हायेक. त्यालाही समाजातलं ज्ञान विखुरलेलं आणि एका डोक्यात न मावणारं वाटतं, म्हणून लोक त्याला बर्कच्या पंगतीला बसवतात. पण ‘मी कॉन्झर्व्हेटिव्ह का नाही’ हा १९६० चा लेख त्याचाच आहे. बदलाला घाबरणाऱ्यांशी आपलं जमत नाही असं तो त्यात उघड सांगतो. शीतयुद्धाच्या काळात समोर साम्यवाद होता, म्हणून बाजारवाले आणि परंपरावाले एका छपराखाली आले. समान शत्रूने जुळवलेली सोयरीक होती ती.

थॅचरबाईंचा माणशी कर हे त्याचं ठळक उदाहरण. राजवाडा असो की झोपडी, मालमत्तेवरच्या कराऐवजी स्थानिक परिषदेला माणशी सारखाच कर. तत्त्वाला धरून स्वच्छ, कागदावर सरळ. १९८९ ला स्कॉटलंडमध्ये, १९९० ला इंग्लंड-वेल्समध्ये लागू झाला. लंडनमध्ये दंगल झाली, त्याच वर्षी त्यांना पद सोडावं लागलं, १९९३ ला करही गेला. नाव कॉन्झर्व्हेटिव्ह, पण काम अगदी बर्कने ज्याला विरोध केला असता तेच. ओकशॉटने हायेकबद्दल म्हटलं होतं की सगळ्या नियोजनाला विरोध करण्याची योजना विरुद्ध बाजूपेक्षा बरी असेलही, पण ती त्याच जातकुळीच्या राजकारणाची आहे.

~

उत्तरायण

सगळ्यांचे आभार. बिनशर्त यांच्या प्रतिसादाला उत्तर द्यायला चार दिवस घेतले, कारण घाईत काही लिहिणं बरं वाटलं नाही.

तुमचा तिसरा माणूस माझ्या मूळ लेखात नव्हता. चूक मान्य. गणिती आणि चाफाताई यांनी वाट दाखवली, ती घेऊन मी परत बर्ककडेच गेलो, पण फ्रान्सवरच्या ग्रंथाकडे नाही, १७८३ च्या भाषणाकडे. ईस्ट इंडिया कंपनीला वेसण घालण्याचं विधेयक संसदेपुढे होतं. विरोधकांचा मुद्दा असा की कंपनीकडे राजाने दिलेली सनद आहे, पहिली सनद तर १६०० सालची, आणि सनदेने मिळालेला जुना हक्क पवित्र असतो. म्हणजे बर्कचाच युक्तिवाद बर्कवर उलटवला होता.

त्याचं उत्तर असं: सनदांमध्ये फरक करा. मॅग्ना कार्टा ही इंग्लंडच्या राजाच्या सत्तेला आवर घालायला आणि मक्तेदारी मोडायला केलेली सनद. कंपनीची सनद मक्तेदारी उभारायला आणि सत्ता निर्माण करायला दिलेली. दोन्हींना एकच नाव आहे म्हणून दोन्ही सारख्या होत नाहीत. माणसांवरची कुठलीही सत्ता हा विश्वस्तपणा आहे. विश्वासघात झाला की सनद संपली.

म्हणजे बर्कपाशी निव्वळ वयाची कसोटी नव्हती. जुनी गोष्ट बलवानाला बांधते की बलवानाच्या हातात दोर देते, हे तो विचारतो. न्यायालयाची स्वायत्तता, चौकशीशिवाय कोणाला डांबता येणार नाही हा नियम, कर बसवण्यापूर्वी प्रतिनिधींची संमती: ही सगळी जुनी कुंपणं सत्तेच्या वाटेत घातलेली आहेत, आणि ती काढा म्हणणारा बहुतेक वेळा सत्तेतलाच कोणीतरी असतो. तिथे पुराव्याचं ओझं काढणाऱ्यावर पूर्ण वजनानिशी पडावं. गुलामी हे तुमच्या तिसऱ्या माणसाभोवतीचं कुंपण. तिथे ओझं ठेवणाऱ्यावर. पाऊलवाट यांनी काढलेली अटही ताळा बघणारीच होती.

या फरकाने मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळतं आहे. उच्चनीच हा गाभा नाही. पण बर्कच्या अनुयायांनी त्या दोन सनदांमधला फरक वारंवार विसरावा, इतकी ती चूक या विचाराला सोयीची आहे, हेही खरं.

हेस्टिंग्जवरचा खटला १७८८ ला सुरू झाला, १७९५ ला तो निर्दोष सुटला. हरणार हे बर्कला बरंच आधी कळलं असावं, तरी त्याने तो सोडला नाही. १७९६ मध्ये, मरणाच्या आदल्या वर्षी, त्याने लिहिलं की ज्या कामात सर्वांत जास्त कष्ट केले आणि सर्वांत कमी यश आलं ते भारताचं काम, आणि स्वतःच्या कामांपैकी मोल द्यायचं तर मी त्याला देईन. फ्रान्सवरच्या ग्रंथाला नाही.

~

बिनशर्त

उत्तरायण, हे १७८३ चं भाषण मला माहीत नव्हतं. वाचलं. सनदांमधला फरक मी माझ्या वहीत उतरवून घेतला, आणि ‘बाकीचं सगळं वस्त्र’ हे माझं वाक्य मागे घेतो.

पण मग एक सांगा. ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री फ्रान्सच्या सभेने सरदारांचे आणि धर्मगुरूंचे सरंजामी हक्क रद्द केले. जमीनदाराच्या कबुतरखान्यातली कबुतरं शेतातलं पीक खात आणि शेतकऱ्याला ती मारायची मुभा नव्हती, असले हक्क. ती सनद कुठल्या प्रकारची होती? कंपनीसारखी की मॅग्ना कार्टासारखी? ज्या माणसाला सात वर्षांपूर्वी हा फरक इतका लख्ख दिसला, त्याला तो १७९० मध्ये इंग्लिश खाडीच्या पलीकडे, फ्रान्समध्ये, का दिसला नाही?

~

उत्तरायण

कंपनीसारखी. आणि का दिसला नाही, याचं समाधानकारक उत्तर मला बर्कमध्ये सापडलेलं नाही.